विशेषज्ञ डॉक्टरांसाठी सक्षमता-आधारित प्रशिक्षण: आखणी कशी करावी

विशेषज्ञ डॉक्टर घडवण्याची जी पद्धत आज बहुतेक ठिकाणी चालते, तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातात. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेचे निवासी प्रशिक्षण घडवले, तेव्हा रुग्णालयातच राहून, वरिष्ठांच्या नजरेखाली, टप्प्याटप्प्याने वाढणारी जबाबदारी पेलत शिकणे हे त्याचे सूत्र होते. पुढे नियमांच्या चौकटीत बसताना या सूत्रातली वाढणारी जबाबदारी मागे पडली आणि ठरावीक वर्षे तेवढी उरली. इतकी वर्षे पूर्ण केली, इतक्या विभागांत पाळीपाळीने काम केले, लॉगबुक भरले, अंतिम परीक्षा दिली, म्हणजे डॉक्टर तज्ज्ञ झाला असे धरले जाऊ लागले. मध्यरात्री वरिष्ठ कोणी हजर नसताना या डॉक्टरच्या हाती नेमके कोणते काम निर्धास्तपणे देता येईल, याचे उत्तर अशा प्रमाणपत्रातून मिळत नाही.

सक्षमता-आधारित प्रशिक्षण या प्रश्नापासून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्येच एका पुस्तिकेतून ही दिशा मांडली होती: त्या त्या ठिकाणच्या गरजा भागवण्यासाठी, ठरवून दिलेल्या दर्जाने काम करू शकणारा वैद्यकीय व्यावसायिक हे अभ्यासक्रमाचे फलित असावे. त्यानंतर विशेषज्ञांच्या प्रशिक्षणाचे मानदंड ठरवणाऱ्या कॅनडाच्या रॉयल कॉलेजने १९९६ मध्ये ‘कॅनमेड्स’ हा भूमिकांचा आराखडा स्वीकारला, अमेरिकेत पदव्युत्तर प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या ‘एसीजीएमई’ या संस्थेने १९९९ मध्ये सहा मूलभूत सक्षमता निश्चित केल्या, आणि २००५ मध्ये नेदरलँड्समधील ओले टेन काटे यांनी ‘विश्वासाने सोपवण्याजोगे व्यावसायिक काम’ ही संकल्पना पुढे आणली. पुढील मार्गदर्शन विभागप्रमुख, अभ्यासक्रम समितीचे सदस्य आणि निवासी डॉक्टरांना प्रत्यक्ष शिकवणारे प्रशिक्षक यांच्यासाठी आहे. त्यामागे एक ठाम मत आहे. शेवटी कोणते काम कोणाच्या हाती सोपवायचे, हा निर्णय आखणीच्या सुरुवातीला हवा. विषय, विभागांतील पाळ्या, परीक्षा आणि नोंदवह्या त्यातून मागाहून निघाल्या पाहिजेत.

आधी गरज, मग अभ्यासक्रम

समितीची पहिली बैठक विषयांची यादी समोर ठेवून घेऊ नये. यादी समोर आली की प्रत्येक जण आपल्या उपशाखेसाठी जागा मागू लागतो आणि अभ्यासक्रम फुगत जातो. त्याऐवजी, प्रशिक्षण संपवून बाहेर पडणारा डॉक्टर कोठे काम करणार आहे, तेथे कोणते रुग्ण येतील, कोणती साधने असतील, मदतीला कोण असेल आणि कोण नसेल, याची माहिती आधी जमवावी. रुग्णालयातील दाखल रुग्णांच्या नोंदी, शस्त्रक्रियागृहाची नोंदवही, दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांची कारणे, मृत्यू आणि गुंतागुंतीच्या आढावा बैठकांचे वृत्तांत, तसेच रुग्णांच्या तक्रारी ही या माहितीची उगमस्थाने आहेत. मोठ्या शिक्षण रुग्णालयात दिसणारे आजार आणि बाहेर प्रत्यक्ष भेटणारे आजार यांच्यात अनेकदा मोठी तफावत असते, म्हणून केवळ स्वतःच्या रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबणे धोक्याचे ठरते.

सर्वांत उपयोगी माहिती मात्र नुकतेच स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या डॉक्टरांकडून मिळते. पहिल्या वर्षात कोणत्या प्रसंगी हात थरथरले, कोणत्या कामासाठी आपण तयार नव्हतो असे जाणवले, आणि शिकलेल्यापैकी कशाचा कधीच उपयोग झाला नाही, हे तीन प्रश्न त्यांना अवश्य विचारावेत. त्यांच्या उत्तरांत क्वचितच एखादी दुर्मीळ शस्त्रक्रिया असते. बहुधा नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे, एकाच वेळी आलेल्या तीन रुग्णांपैकी आधी कोणाकडे पाहावे हे ठरवणे, कनिष्ठांवर देखरेख करणे, किंवा रुग्णाला वेळेत पुढे पाठवणे अशी कामे असतात. आणि नेमकी हीच कामे जुन्या अभ्यासक्रमात कोठेही लिहिलेली नसतात.

समितीत प्राध्यापकांबरोबर अनुभवी परिचारिका, शिकत असलेले निवासी डॉक्टर, संलग्न शाखांचे तज्ज्ञ आणि शक्य असेल तर रुग्णांचा प्रतिनिधी असावा. मतभेद मिटवण्यासाठी डेल्फी पद्धत सोयीची पडते. सदस्यांनी एकमेकांशी चर्चा न करता प्रत्येक प्रस्तावित कामाचे महत्त्व अंकांत नोंदवावे, एकत्रित निकाल सर्वांना दाखवावा आणि मग पुन्हा मत मागवावे. अशा दोन-तीन फेऱ्यांत यादी आपोआप आटोपशीर होते, आणि पदाने सर्वांत मोठ्या व्यक्तीचे मत इतरांवर लादले जात नाही.

व्यक्तीचा गुण आणि सोपवायचे काम

सक्षमतांचा मूळ आराखडा नव्याने रचण्याच्या फंदात पडू नये. कॅनमेड्समध्ये वैद्यकीय तज्ज्ञ ही मध्यवर्ती भूमिका आहे आणि तिच्याभोवती संवादक, सहयोगी, नेता, आरोग्याचा पुरस्कर्ता, अभ्यासक आणि व्यावसायिक या सहा भूमिका आहेत. एसीजीएमईच्या सहा सक्षमतांत रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामाचा आढावा घेऊन सुधारणा, परस्परसंबंध आणि संवाद, व्यावसायिक वर्तन, तसेच आरोग्यव्यवस्थेचे भान ठेवून काम करणे यांचा समावेश होतो. आपल्या नियामक संस्थेने यांपैकी एखादा किंवा स्वतःचा आराखडा लागू केला असेल, तर तोच घ्यावा. समितीची शक्ती पुढच्या पायरीवर लागली पाहिजे.

ती पायरी म्हणजे सोपवण्याजोग्या कामांची यादी. शिक्षणक्षेत्रात या कामांना ‘ईपीए’ म्हणतात. संवादकौशल्य, निर्णयक्षमता, प्रामाणिकपणा हे व्यक्तीचे गुण आहेत. ते ड्युटीच्या तक्त्यावर लिहून कोणाला वाटून देता येत नाहीत. ‘कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगून पुढील उपचारांविषयी चर्चा करणे’ हे काम मात्र वाटून देता येते, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, कोणी तरी ते शेजारी बसून पाहू शकते, आणि ते नीट पार पाडण्यासाठी ज्ञान, संवाद आणि सहृदयता हे सारे एकाच वेळी लागते. यादीतील प्रत्येक नोंद या कसोटीवर घासून पाहावी. ‘सकाळच्या तक्त्यावर हे काम एखाद्या डॉक्टरच्या नावापुढे लिहिता येईल का?’ असे विचारले, की बहुतेक संदिग्ध नोंदी आपोआप गळून पडतात.

कामाचा आवाका किती असावा, हा कठीण प्रश्न आहे. ‘शिरेत सुई घालणे’ हे विशेषज्ञाच्या पातळीला फार लहान आहे, ‘अतिदक्षता विभाग चालवणे’ हे एका निरीक्षणात पाहता येण्यापेक्षा फार मोठे. संपूर्ण विशेषज्ञ प्रशिक्षणासाठी साधारण वीस ते तीस कामे पुरेशी होतात. यादी शंभरावर गेली, तर समितीने कामांऐवजी कौशल्ये लिहिली आहेत असे समजावे आणि पुन्हा बसावे.

प्रत्येक कामाचे वर्णन एक-दोन पानांत लिहून काढणे हा आखणीतला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फलदायी भाग आहे. उदाहरण म्हणून भूलशास्त्रातील एक काम घेऊ: ‘नियोजित सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी मणक्यातून भूल देणे आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत मातेची काळजी घेणे’.

प्रथम मर्यादा लिहाव्यात. हे काम एरवी निरोगी असलेल्या मातेपुरते आहे. गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा आजार), रक्त गोठण्यातील दोष, हृदयविकार किंवा गर्भाशयात खोल रुतलेली वार असेल, तर ते वेगळे आणि अधिक वरच्या पातळीचे काम ठरते. मर्यादा लिहिल्या नाहीत, तर साध्या प्रसंगात मिळवलेला विश्वास अवघड प्रसंगातही गृहीत धरला जातो, आणि रुग्णाला खरी इजा नेमकी तेथे होते.

मग कामात काय काय येते ते लिहावे: मातेची पूर्वतपासणी, मणक्यातून भूल देणार असलो तरी श्वसनमार्गाची तपासणी, समजावून घेतलेली संमती, भूलयंत्र, सक्शन आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचे साहित्य तयार असल्याची खात्री, निर्जंतुक पद्धतीने भूल देणे, गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडू नये म्हणून मातेला डाव्या बाजूस कलते ठेवणे, बधिरता छातीपर्यंत पुरेशी चढली आहे का हे शस्त्रक्रियेपूर्वी तपासणे, घसरणारा रक्तदाब वेळीच सावरणे, जाग्या असलेल्या मातेशी सतत बोलत राहणे, आणि शेवटी रिकव्हरी कक्षातील परिचारिकेकडे मातेची माहिती आणि जबाबदारी व्यवस्थित सोपवणे.

त्यानंतर काम चुकल्यास काय होऊ शकते ते स्पष्ट शब्दांत मांडावे: रक्तदाब कोसळणे, बधिरता फार वर चढून श्वास अडखळणे, भूल अपुरी पडून मातेला वेदना होणे, ऐनवेळी संपूर्ण भूल द्यावी लागणे, नंतरची तीव्र डोकेदुखी. यांपैकी प्रत्येक धोका प्रशिक्षणार्थ्याने ओळखून दाखवला पाहिजे आणि त्यावरचा उपाय केवळ सांगून न थांबता करूनही दाखवला पाहिजे. म्हणून वर्णनाच्या पुढच्या भागात लागणारे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती, विश्वास टाकण्यापूर्वी कोणता पुरावा हवा, प्रशिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर किती स्वातंत्र्य अपेक्षित आहे, आणि बराच काळ हे काम केले नसेल तर दिलेला विश्वास कधी संपतो, हे नोंदवावे. शेवटची नोंद बहुतेक समित्या गाळतात. वर्षभर प्रसूती विभागात पाऊल न टाकलेल्या डॉक्टरला पुन्हा तेथे एकटे उभे करण्यापूर्वी काही काळ कोणी सोबत असणे त्याच्याही हिताचे असते.

विश्वासाच्या पाच पायऱ्या

स्वातंत्र्य मोजण्यासाठी टेन काटे यांच्या मांडणीतील पाच पायऱ्या वापराव्यात. पहिल्या पायरीवर प्रशिक्षणार्थी फक्त पाहतो. दुसरीवर तो काम करतो आणि प्रशिक्षक त्याच खोलीत उभा असतो. तिसरीवर प्रशिक्षक खोलीत नसतो, परंतु हाक मारताच काही मिनिटांत पोहोचतो. चौथीवर प्रशिक्षणार्थी स्वतंत्रपणे काम करतो आणि त्याचा आढावा नंतर घेतला जातो. पाचवीवर तो स्वतः कनिष्ठांवर देखरेख करतो. ‘समाधानकारक’, ‘चांगला’, ‘उत्कृष्ट’ अशा श्रेणींपेक्षा ही मापपट्टी कितीतरी प्रामाणिक आहे, कारण अनुभवी प्रशिक्षक मनात हाच विचार करत असतो: या डॉक्टरला येथे सोडून मी शेजारच्या शस्त्रक्रियागृहात जाऊ शकतो का?

हा निर्णय केवळ हातोटीवर अवलंबून नसतो. टेन काटे आणि चेन यांनी २०२० मध्ये विश्वासाचे जे घटक मांडले, त्यांत कार्यक्षमतेइतकेच स्थान प्रामाणिकपणा, कामातील सातत्य, पुढाकार आणि विनम्रता यांना आहे. येथे विनम्रता म्हणजे आपल्या मर्यादा ओळखून वेळेवर मदत मागणे. अतिशय निष्णात हात असलेला, परंतु अडचणीत सापडल्यावर कोणालाही न बोलावणारा निवासी डॉक्टर चौथ्या पायरीवर नेणे रुग्णाच्या दृष्टीने अयोग्य आहे, आणि कामाच्या वर्णनात हे लिहून ठेवले असेल तरच प्रशिक्षकाला ते त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलता येते.

यादी आणि पायऱ्या निश्चित झाल्या की एक मोठा तक्ता तयार करावा, ज्यात आडव्या ओळीत कामे आणि उभ्या रकान्यांत प्रशिक्षणाचे टप्पे असतील. कॅनडाच्या रॉयल कॉलेजने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू केलेल्या रचनेत असे चार टप्पे आहेत: शाखेत प्रवेश, पायाभूत, मुख्य, आणि स्वतंत्र व्यवसायाकडे संक्रमण. शेवटचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात प्रशिक्षणार्थी अजून सुरक्षित वर्तुळात असतानाच तज्ज्ञाप्रमाणे पूर्ण जबाबदारी घेऊन काम करतो. शेवटचे सहा महिने ग्रंथालयात परीक्षेच्या तयारीत जाणार असतील, तर हा टप्पा कागदावरच राहतो. परीक्षेची तारीख ठरवतानाच याचा विचार करावा.

पाळ्या, सराव आणि आकड्यांचा मोह

आता पाळ्यांकडे वळावे. तक्त्यातील प्रत्येक काम कोणत्या पाळीत, कोणाच्या देखरेखीखाली, किती वेळा करायला मिळेल हे शोधावे. बहुधा दोन गोष्टी उघड होतात: काही पाळ्यांमधून एकही काम पुढे सरकत नाही, आणि काही अत्यावश्यक कामांसाठी कोठेही जागा नाही. पहिल्या प्रकारच्या पाळ्या मनुष्यबळाची चणचण भागवण्यासाठी टिकून असतात. त्या बंद करता येत नसतील, तर निदान त्यांत शिकण्याजोगे एखादे काम स्पष्टपणे बांधून द्यावे.

जे प्रसंग क्वचित येतात परंतु आले की क्षणभराचीही उसंत देत नाहीत, त्यांच्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे प्रसंग कृत्रिमरीत्या उभा करून केलेला सराव, अपरिहार्य आहे. नळी घालता न येणे आणि मास्कनेही श्वास देता न येणे, प्रसूतीनंतरचा प्रचंड रक्तस्राव, शस्त्रक्रियेच्या मध्यावर हृदय थांबणे, हे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला प्रशिक्षणकाळात येतीलच असे नाही. महागडा पुतळा नसला तरी चालते. खऱ्या शस्त्रक्रियागृहात, खऱ्या परिचारिकांसह, नेहमीच्याच साहित्यावर घेतलेली वीस मिनिटांची रंगीत तालीम आणि त्यानंतरची शांतपणे केलेली चर्चा यातून संघाने काम करणे उत्तम शिकता येते. त्यातून सामग्रीतील उणिवाही कळतात, हा आणखी एक लाभ.

लॉगबुकमधील आकड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. अमुक शस्त्रक्रिया पन्नास वेळा केली म्हणजे ती आली, असे मानणे सोयीचे असते, कारण मोजणी सोपी असते. परंतु शिकण्याचा वेग व्यक्तीगणिक बदलतो. एकाला वीस वेळांत जे साधते, ते दुसऱ्याला साठ वेळांतही साधत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने शंभर वेळा केलेल्या कामाने ती पद्धत अंगवळणी पडते. किमान आकडा ठेवावा, कारण पुरेशी संधी मिळाली याची हमी त्यातून मिळते. त्याला सक्षमतेचा पुरावा मात्र मानू नये. कौशल्याच्या कामांसाठी भूलशास्त्रात वापरला जाणारा ‘क्यूसम’ आलेख उपयोगी आहे. प्रत्येक प्रयत्नाचे यश किंवा अपयश क्रमाने मांडत गेल्यास, प्रशिक्षणार्थ्याचे अपयश मान्य मर्यादेच्या आत स्थिरावले आहे का, हे रेषेच्या कलावरून दिसते, आणि प्रशिक्षणार्थ्याला स्वतःची प्रगती स्वतःच पाहता येते.

मूल्यमापन: थोडे थोडे, वारंवार, अनेकांकडून

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्या तळाशी ‘ठाऊक असणे’, त्यावर ‘कसे करावे ते ठाऊक असणे’, त्यावर ‘करून दाखवणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्षात करणे’ आहे. लेखी परीक्षा पहिल्या दोन थरांना पोहोचते. रोनाल्ड हार्डन यांनी डंडीमध्ये विकसित केलेली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ओस्की’, म्हणजे वेगवेगळ्या टेबलांवर ठरावीक कामे करून दाखवण्याची परीक्षा, तिसऱ्या थरापर्यंत नेते. शिखर मात्र रोजच्या कामातच पाहता येते, आणि विशेषज्ञाच्या बाबतीत निर्णायक ठरते ते हेच.

त्यासाठी साधने तयार आहेत. रुग्णतपासणीचे अल्पकालीन निरीक्षण म्हणजे ‘मिनी-सीईएक्स’, कौशल्याच्या कामांचे थेट निरीक्षण म्हणजे ‘डॉप्स’, एखाद्या रुग्णाच्या नोंदी समोर ठेवून निर्णयामागचा विचार तपासणारी चर्चा, आणि परिचारिका, सहकारी व रुग्ण यांच्याकडून मागवलेला बहुस्रोत अभिप्राय. नवा अर्ज बनवण्यापेक्षा यांतलाच एखादा घ्यावा आणि त्यातील श्रेणींच्या जागी वरील पाच पायऱ्या टाकाव्यात. अर्जावर दोन ओळी शब्दांत लिहिण्याची जागा सक्तीची करावी: काय चांगले झाले, आणि पुढच्या वेळी नेमके काय वेगळे करावे. ‘चांगला मुलगा आहे, अजून वाचन हवे’ अशा अभिप्रायाने कोणीच काही शिकत नाही. ‘रक्तदाब घसरत असल्याचे तुम्ही दोन मिनिटे उशिरा पाहिले, कारण तुमचे लक्ष नोंदी लिहिण्यात होते, पहिली दहा मिनिटे नोंदी सहाय्यकाकडे द्या’, या वाक्याने उद्याचे वागणे बदलते.

एका निरीक्षणावरून कोणाचाही निकाल लावू नये. एका रुग्णाच्या बाबतीत उत्तम काम करणारा डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णासमोर चाचपडतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. शिवाय प्रत्येक परीक्षकाचा हात वेगळा असतो, कोणाचा सैल तर कोणाचा कडक. नेदरलँड्समधील सीस फान डर फ्लुटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या कार्यक्रमबद्ध मूल्यमापनाचे तत्त्व येथे मार्गदर्शक आहे: प्रत्येक छोटे निरीक्षण शिकण्यासाठी असावे, त्यावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरू नये, आणि मोठा निर्णय वेगवेगळ्या निरीक्षकांकडून, वेगवेगळ्या प्रसंगी जमलेल्या अनेक नोंदींच्या आधारेच घ्यावा.

मोठा निर्णय घेणारी सक्षमता समिती वेगळी असावी. एसीजीएमईच्या नियमांनुसार तिच्यात किमान तीन अध्यापक असतात, आणि दर सहा महिन्यांनी होणाऱ्या मूल्यमापनापूर्वी ती प्रत्येक निवासी डॉक्टरच्या प्रगतीचा आढावा घेते. बैठकीच्या आधी नोंदी सर्वांना वाचायला द्याव्यात आणि बैठकीत सर्वांत कनिष्ठ सदस्याने प्रथम बोलावे, म्हणजे प्रमुखांचे मत ऐकून इतरांची मते बदलत नाहीत. निर्णय लेखी असावा, त्याची कारणे प्रशिक्षणार्थ्याला सांगावीत आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची वाट खुली ठेवावी.

प्रशिक्षकांची तयारी

कितीही उत्तम आराखडा असला, तरी तो प्रशिक्षकांपाशी येऊन अडतो. त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी शस्त्रक्रिया आणि त्यातच निरीक्षणाचे अर्ज, अशी रचना केली तर अर्ज महिनाअखेरीस आठवणीतून एकगठ्ठा भरले जाणारच. म्हणून निरीक्षणासाठी राखीव वेळ तक्त्यात लिहिलेला असावा आणि तो प्रशासनाने मान्य केलेला असावा. ही मान्यता मिळत नसेल, तर अंमलबजावणी पुढे ढकलणे बरे. नुसता देखावा झाला की निवासी डॉक्टरांचा या साऱ्या पद्धतीवरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणे फार अवघड जाते.

प्रशिक्षकांच्या कार्यशाळेत व्याख्याने कमी ठेवावीत. एखाद्या प्रशिक्षणार्थ्याच्या कामाचे, संबंधितांच्या संमतीने केलेले चित्रीकरण सर्वांना दाखवून प्रत्येकाला स्वतंत्रपणे पायरी ठरवायला सांगावे आणि मग फरकांवर चर्चा करावी. एकाच चित्रीकरणाला कोणी दुसरी तर कोणी चौथी पायरी दिल्याचे दिसले, की समान निकषांची गरज निराळी समजावून सांगावी लागत नाही. आवडत्या विद्यार्थ्याच्या एका गुणामुळे त्याचे सारेच चांगले वाटणे, आणि नापसंती लिहिण्याचा संकोच, या दोन प्रवृत्तींवर मोकळेपणाने बोलावे. दुसरी अधिक घातक आहे. कमकुवत डॉक्टरला ‘ठीक आहे’ म्हणून पुढे ढकलत गेले, की शेवटच्या वर्षी कोणाच्याच हाती लेखी पुरावा नसतो आणि त्याची किंमत अनोळखी रुग्ण मोजतात.

मागे पडणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यासाठी योजना आधीच ठरलेली असावी. प्रथम कारण शोधावे: ज्ञान कमी आहे, हातोटी कमी आहे, संधीच मिळाली नाही, की आजारपण, थकवा, घरची अडचण आहे? ज्याला प्रसूती विभागाची पाळीच मिळाली नाही, त्याला जादा वाचन देऊन काही साधत नाही. उपाय, मुदत आणि मुदतीअंती काय पाहिले जाईल, हे तिन्ही लिहून दोघांनी सही करावी.

कालावधी आणि कागदांचा भार

सक्षमता आली की बाहेर पडावे, वर्षे मोजू नयेत, हा विचार तत्त्वतः सुसंगत आहे. टोरोंटो विद्यापीठाने २००९ मध्ये अस्थिशल्यचिकित्सेत तसा प्रयोग सुरू केला. तरीही बहुतेक नियामक संस्थांनी किमान कालावधी कायम ठेवला आहे आणि रुग्णालयांच्या मनुष्यबळाचे गणितही त्यावर बेतलेले आहे. म्हणून सुरुवातीला कालावधीला हात लावू नये. जो प्रशिक्षणार्थी लवकर पुढे गेला, त्याला उरलेल्या काळात अवघड प्रसंग, कनिष्ठांवर देखरेख किंवा संशोधन द्यावे. ज्याला अधिक वेळ लागतो, त्याला तो अपमान वाटू न देता द्यावा.

दुसरा धोका कागदांचा आहे. कॅनडात नवी रचना आल्यावर निवासी डॉक्टरांनी निरीक्षणांच्या संख्येविषयी आणि अर्ज भरून घेण्यासाठी प्रशिक्षकांच्या मागे धावावे लागण्याविषयी जाहीरपणे नाराजी मांडली होती. अमेरिकेतही निवासी डॉक्टरांची वाटचाल मोजण्यासाठी २०१३ पासून लागू झालेले प्रगतीचे टप्पे (‘माइलस्टोन्स’) पुढे दुसऱ्या आवृत्तीत अधिक सोपे करावे लागले. यातून धडा घेऊन अर्ज मोबाइलवर दोन-तीन मिनिटांत भरता येईल इतका लहान ठेवावा, आणि निरीक्षण मागण्याची जबाबदारी एकट्या प्रशिक्षणार्थ्यावर टाकू नये. ती प्रशिक्षकाच्या दिवसाच्या कामाचा भाग असावी.

सुरुवात एका पाळीपासून आणि चार-पाच कामांपासून करावी. सहा महिन्यांनी निरीक्षणांची संख्या पाहण्याआधी लिहिलेले अभिप्राय वाचावेत: ते नेमके आहेत का, कमी पायरी देण्याचे धैर्य कोणी दाखवले आहे का, सर्व नोंदी दोनच प्रशिक्षकांच्या तर नाहीत ना. सर्वांना सर्वत्र चौथी पायरी मिळालेली दिसली, तर पुढील कामे जोडण्यापूर्वी पुन्हा प्रशिक्षकांच्या कार्यशाळेकडे वळावे. पहिली तुकडी स्वतंत्रपणे काम करू लागल्यावर वर्षाच्या आत तिला बोलावून, गरजा शोधताना विचारलेले तेच तीन प्रश्न विचारावेत, आणि मिळालेल्या उत्तरांनुसार कामांची यादी, मर्यादा आणि अपेक्षित पायऱ्या बदलाव्यात. हा आढावा कोण, कोणत्या महिन्यात घेणार, ते नाव आणि तो महिना पहिल्याच मसुद्यात लिहिलेला असावा.